उचलण्याआधी

निवृत्त माणसाच्या हातून एकेक गोष्ट काढून घेतली जाते, त्यात पहिला नंबर गॅसच्या टाकीचा. टाकीवाला पोऱ्या दारात टाकी ठेवून जातो, आपण ती आत घ्यायला वाकतो आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अहो, राहू द्या!" घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो, रिकाम्या लोखंडाचं वजन त्याहून थोडं जास्तच. म्हणजे सगळं मिळून तीसेक किलो. इतकी वर्षं हीच टाकी मी एका हाताने ओढत, दुसऱ्या हाताने लुंगी सावरत आत नेली होती. साठाव्या वर्षी ती एकाएकी जड झाली नव्हती. माझ्याविषयीचं घरातलं मत तेवढं बदललं होतं.

मत बदलायला कारण घडलं होतं, हेही कबूल केलं पाहिजे.

२०२० च्या जानेवारीतली गोष्ट. बँकेतून निवृत्त होऊन मला जेमतेम आठ महिने झाले होते. पहाटे साडेतीनच्या सुमाराला न्हाणीघराच्या दारात धप्पकन आवाज झाला. आई पडली होती. वय चौऱ्याऐंशी, वजन फार तर पन्नास किलो. पूर्ण शुद्धीवर होती आणि "काही झालं नाही रे, नुसती उचल मला," असं म्हणत होती. मी तिच्या पायांशी उभा राहिलो, कमरेतून वाकलो, हात लांब करून तिच्या काखेत घातले आणि ओढलं. आई चार बोटं वर आली असेल. त्याच क्षणी माझ्या कमरेत अशी काही कळ गेली, की मी तिच्या शेजारीच फरशीवर आडवा झालो. बायको खाली वॉचमनला बोलवायला धावली. तो येईपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं आम्ही मायलेक थंड फरशीवर एकमेकांकडे पाहत पडून होतो. आईच मला विचारत होती, "फार लागलं का रे?"

वॉचमन पंचविशीतला पोरगा. आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात त्याने दोन वर्षं हळदीची पोती उचललेली. त्याने आधी आईला कुठे दुखतंय ते विचारलं, हातपाय हलवायला लावले. मग अगदी तिच्या अंगाला अंग लावून उकिडवा बसला, तिला छातीशी घेतलं, एक श्वास घेतला आणि उठला. बस. एवढंच. तीस वर्षं मी लेजरमधल्या चुका काढल्या, पण त्या पहाटे माझी चूक काय झाली, हे त्या पोराच्या पाठीकडे बघेपर्यंत मला कळलं नव्हतं.

पुढचं सगळं ठरलेलं. एमआरआय, मणक्यातल्या दोन चकत्या सरकल्याचं निदान, कमरेला पट्टा, आणि एका नामवंत डॉक्टरांचा सल्ला: यापुढे वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही. मी विचारलं, "चप्पल कशी घालायची?" त्यांना विनोद वाटला. मला मात्र खरंच उत्तर हवं होतं.

माझा आक्षेप या सल्ल्याला आहे. 'उचलू नका' हे सांगणं कळ असेपर्यंत ठीक आहे, जन्मठेपेसारखं नाही. साठीनंतर वस्तू काही जमिनीवरून आपोआप वर येऊन बसत नाहीत. बादली खालीच असते, तांदळाचं पोतं खालीच असतं, नातू खालीच रांगत असतो आणि म्हातारी आई पडते तीही खालीच. ज्याला उचलायचं आहेच, त्याला 'उचलू नको' सांगण्याऐवजी कसं उचलायचं ते शिकवावं. ते मला शिकायला मिळालं व्यायामशाळेत, आणि ज्या व्यायामाचं नाव ऐकूनच मध्यमवर्गीय माणूस घाबरतो, त्या 'डेडलिफ्ट'मधून.

नावातला 'डेड' म्हणजे मेलेला, निश्चल. जमिनीवर स्वस्थ पडलेला, वजनांच्या प्लेटा लावलेला लोखंडी बार दोन्ही हातांनी धरायचा आणि मांड्यांपर्यंत उचलत सरळ उभं राहायचं, इतकाच हा प्रकार. डोक्यावर न्यायचा नाही, खांद्यावर घ्यायचा नाही. बैठका काढताना आपण आधी खाली जातो, स्नायू ताणले जातात आणि त्या ताणाचा फायदा वर येताना मिळतो. इथे तसली उधारी नाही. पहिला पैसा रोख मोजायचा.

मधलं दीड वर्ष करोनाने खाल्लं. त्या काळात एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला झाडूच्या दांड्याने वाकायला शिकवलं. दांडा पाठीवर उभा धरायचा; डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांमधली जागा आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी तो टेकलेला हवा. मग गुडघे किंचित सैल करून बसण्याचा भाग मागे सरकवत वाकायचं, तीनपैकी एकही स्पर्श सुटू न देता. करून पाहा. आपण आयुष्यभर ज्याला वाकणं म्हणत आलो, ते पाठ गोल करणं होतं, हे आरशात पहिल्याच दिवशी दिसतं. वाकण्याची बिजागरी खुब्यात आहे, मणक्यात नव्हे. बाई म्हणाल्या, "आता व्यायामशाळेत जा. पण उचलण्याआधी बघणारं कुणी असेल तिथेच जा."

अशी जागा शोधायला वेळ लागला. आमच्या भागात व्यायामशाळा चार. पैकी तीन ठिकाणी गाणी इतक्या मोठ्याने, की सांगणाऱ्याचं ऐकू येऊ नये. चौथ्या ठिकाणी एक मुलगी शिकवते. वयाने माझ्या मुलीपेक्षा लहान, आवाज मात्र शाळेतल्या पीटीच्या सरांचा. २०२१ च्या डिसेंबरात मी तिच्यापुढे उभा राहिलो. माझे सगळे रिपोर्ट तिने वाचले, डॉक्टरांची लेखी संमती आणायला लावली, रक्तदाब विचारला आणि म्हणाली, "काका, महिनाभर बार नाही." महिनाभर खरंच नाही. मग बार आला तो लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेला. त्याचं कारण मला नंतर कळलं. मोठी प्लेट ४५ सेंटिमीटर व्यासाची असते, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटर वर राहतो. नवशिक्याला लहान प्लेटा द्याव्या लागतात, की बार आणखी खाली जातो आणि ज्याला वाकता येत नाही त्यालाच जास्त वाकावं लागतं. म्हणून ठोकळे. नुसता बारच वीस किलोचा. माझी त्या दिवसाची कमाई तेवढीच.

तिचं पहिलं वाक्य अजून कानात आहे. "काका, बार तुमच्याकडे येणार नाही. तुम्ही त्याच्याकडे जायचं."

म्हणजे कसं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. बारसमोर उभं राहायचं ते इतकं जवळ, की वरून पाहिलं तर बार बुटाच्या नाडीच्या गाठीवर दिसावा. पावलाचा बरोबर मध्य तो. पावलं खुब्यांइतकी रुंद. आता बार न हलवता वाकून तो धरायचा, हात नडग्यांच्या जरा बाहेर. मग गुडघे पुढे आणायचे, नडग्या बारला टेकेपर्यंतच. बारने जागा सोडायची नाही. नंतर छाती समोर काढायची; तशी ती काढली, की पाठ आपोआप सरळ होते. बगलेत वर्तमानपत्राची घडी धरल्यासारख्या बगला आवळायच्या, म्हणजे बार अंगापासून लांब पळत नाही. पोटात श्वास भरून पोट टणक करायचं, कुणी गंमतीने गुद्दा मारणार असेल तेव्हा करतो तसं. आणि आता, उचलायचं नाही. आधी ढील काढायची.

ही ढील माझी सगळ्यात आवडती गोष्ट. विहिरीतून घागर शेंदणाऱ्याला ती कळेल. दोर सैल असताना हिसका दिला, तर दोर तुटतो नाहीतर खांदा जातो. आधी दोर ताणून घ्यायचा, घागरीचं वजन हाताला कळू द्यायचं, मग ओढायचं. बार आणि प्लेट यांच्यातही थोडी फट असते. हलकेच ताणलं, की बार प्लेटेच्या भोकात वर टेकतो आणि 'टक्' असा बारीक आवाज होतो. तो आवाज आला, की हात सरळ ताठ झालेले असतात, पाठ तयार असते, आणि मग पायांनी जमीन खाली ढकलायची. बार नडग्यांना, मांड्यांना घासत वर येतो. वर आल्यावर नितंब आवळून सरळ उभं राहायचं. उगीच मागे झुकून शौर्य दाखवायचं नाही. उतरवताना आधी बसण्याचा भाग मागे, बार गुडघ्याखाली गेला की मग गुडघे वाकवायचे. खाली टेकला, की पुन्हा पहिल्यापासून.

जवळ उभं राहण्याचा एवढा आग्रह का? हिशेब साधा आहे. पाठ ताठ धरणारे स्नायू मणक्याच्या मध्यापासून साधारण पाच सेंटिमीटर मागे असतात. वीस किलोची बादली कमरेपासून चाळीस सेंटिमीटर पुढे धरली, तर तरफेच्या नियमाने त्या स्नायूंना आठपट, म्हणजे एकशे साठ किलोइतकं ओढावं लागतं. वर आपल्या धडाचं वजन वेगळंच. अंतर निम्मं केलं, की ओझंही निम्मं. व्याज कमी करायचं तर मुद्दल कमी करा किंवा मुदत कमी करा. इथे मुदत म्हणजे अंतर. मी त्या पहाटे आईच्या पायांशी उभा राहून तिच्या काखेत हात घातला होता. माझ्या दृष्टीने पन्नास किलो, माझ्या मणक्याच्या खतावणीत किती, ते आता मी मोजत नाही.

मार्केट यार्डात सकाळी उभं राहून पाहावं. हमाल पोतं एकट्याने जमिनीवरून उचलत नाही. दोघं दोन बाजूंनी धरून तिसऱ्याच्या पाठीवर चढवतात. चालणं त्यांना जड नाही. जमीन सुटण्याचा क्षण महाग आहे, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पूर्वी साखरेचं पोतं शंभर किलोचं असे, आता पन्नासचं असतं. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, त्यामागे अशा अनेक मोडलेल्या पाठी होत्या.

माझं वजन वाढत गेलं. ठोकळे गेले. दोन्ही बाजूंना मोठी प्लेट लागून बार साठ किलोचा झाला, त्या दिवशी मी घरी पेढे नेले. पंचाहत्तर झालं. आणि नव्वदवर मी माती खाल्ली.

झालं असं, की सुरुवातीच्या हलक्या वजनांना मी हवं तसं उचलत होतो. चाळीस किलोला कशाला नाडीची गाठ बघायची? नव्वदला मात्र मी फार गंभीर झालो. बारभोवती दोन फेऱ्या मारल्या, हात चोळले, दात आवळले आणि हिसका दिला. माझा बसण्याचा भाग आधी वर गेला, पाय सरळ झाले, बार जिथल्या तिथे. आता उरलेलं सगळं काम पाठीला. ती गोल व्हायला लागली तेवढ्यात मुलगी ओरडली, "सोडा!" मी सोडला. तिने माझ्याच मोबाइलवर बाजूने घेतलेलं चित्रण दाखवलं. पडद्यावर एक म्हातारा मांजरासारखी पाठ काढून उभा होता.

"वजन जड नव्हतं," ती म्हणाली, "तुम्ही नव्वदसाठी वेगळी सुरुवात केलीत."

हे वाक्य मला बँकेत थेट घेऊन गेलं. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत. एक रोखपालाकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नाही, आत पाच लाख असोत की पन्नास. नवा अधिकारी हा रिवाज पाळतो. जुना, सरावलेला अधिकारी एखाद्या गर्दीच्या दिवशी आपली किल्ली रोखपालाच्या हातात देऊन म्हणतो, "तूच उघड रे." त्या दिवशी काही होत नाही. काही होत नाही म्हणून सवय लागते, आणि ज्या दिवशी होतं त्या दिवशी चौकशी बसते. माझी चौकशी नव्वद किलोने बसवली. सवय चाळीस किलोने लावली होती. खुबे आणि खांदे या त्या दोन किल्ल्या. दोन्ही एकाच वेळी फिरल्या पाहिजेत, एकाच गतीने वर आल्या पाहिजेत. एक आधी फिरली, की दार अडकतं.

तिने मला पुन्हा पंचाहत्तरवर आणलं. अपमान वाटला, खोटं कशाला सांगू. सहा आठवडे रिकाम्या बारपासून सुरुवात. वीस, चाळीस, साठ, पंचाहत्तर, आणि प्रत्येक वेळी तीच गाठ, तीच नडगी, तोच श्वास, तोच 'टक्'. वाढवायचं तर एकदम दहा किलो नाही, दोन्हीकडे सव्वा-सव्वा किलोची चिल्लर. एखाद-दुसरी उचल शिल्लक ठेवूनच थांबायचं. घट्ट पळण्याचे जाड, मऊ तळव्यांचे बूट तिने काढायला लावले. गादीवर उभं राहून कुणी ओझं उचलतं का? कमरेचा पट्टा मागितला तेव्हा म्हणाली, पट्टा टेकायला नसतो, पोटाने त्याच्यावर दाब द्यायला असतो. आधी पोट दाबायला शिका. पकड सुटते अशी तक्रार केली, तर हाताला पांढरी पूड दिली आणि "बोटांनाही पगारवाढ हळूहळूच मिळते," म्हणाली. बँकवाल्याशी कसं बोलावं, हे तिला एव्हाना कळलं होतं.

श्वासाबद्दल एक सांगितलंच पाहिजे. श्वास कोंडून जोर लावला, की रक्तदाब तेवढ्यापुरता बराच चढतो. ज्यांना रक्तदाब, हर्निया किंवा काचबिंदू आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये. इंग्लंडच्या एडी हॉलने २०१६ साली लीड्समध्ये पाचशे किलो उचलले, तेव्हा त्याच्या नाकातून रक्त आलं, दृष्टीही काही काळ अंधारली. तो खेळाचा शिखरावरचा प्रकार. त्याच्याशी आपलं नातं चंद्राशी असतं तेवढंच.

पण व्यायामशाळेतली मुलं त्या चंद्राकडेच बघत असतात. परवा एका विशीतल्या मुलाने एकशे चाळीस किलो लावले. पाठ धनुष्यासारखी. एक मित्र मोबाइल धरून, दुसरा "उठव, उठव" ओरडतोय. उचललं त्याने. टाळ्याही मिळाल्या. त्याच्या मणक्याने त्या दिवशी किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली, हे त्याला सांगायला गेलो तर तो नम्रपणे म्हणाला, "काका, तुम्ही तुमचं बघा." बरोबरच आहे. त्याच्या वयात मला कुणी सांगितलं असतं, तर मीही ऐकलं नसतं. पण पैसे घेऊन शिकवणाऱ्यांनी तरी प्लेटा मोजण्यापेक्षा पावलं बघावीत. हा राग माझा त्यांच्यावर आहे, पोरावर नाही.

बायको या प्रकरणात आली ती तिच्या हाडांच्या तपासणीच्या निमित्ताने. हाडं विरळ झाली आहेत, असा अहवाल आला आणि तिलाही तोच सल्ला: जपा, उचलू नका. मुलीने आम्हाला ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या एकशे एक बायका; त्यांतल्या निम्म्यांना घरी करायचा हलका व्यायाम दिला, निम्म्यांना आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, जाणकारांच्या नजरेखाली, जड वजनं. त्यात डेडलिफ्ट होतीच. आठ महिन्यांनी जड उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली होती. हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली होती. जड वजनाच्या गटात दुखापत म्हणावी अशी एकच, कमरेत आलेली एक किरकोळ लचक. मला त्यातला आणखी एक तपशील महत्त्वाचा वाटतो: पहिला महिना त्या बायकांना फक्त हलक्या वजनांवर पद्धत शिकवली होती. आकडे वाचून उद्या घरात कुणी पोतं उचलायला जाईल, म्हणून हे मुद्दाम लिहितो. हाडं विरळ असताना पाठ गोल करून उचलणं हे न उचलण्यापेक्षा वाईट.

बायको आधी नाही म्हणाली. मग नुसती बघायला आली. मग झाडूचा दांडा पाठीवर धरून तिने पहिल्याच दिवशी माझ्यापेक्षा चांगलं वाकून दाखवलं. पाटा-वरवंट्यावर वाटणाऱ्या, हंडे भरणाऱ्या आईच्या हाताखाली वाढलेल्या बाईला हे उपजत येत असावं, किंवा तिला फाजील आत्मविश्वास नसावा.

आई २०२२ च्या पावसाळ्यात पुन्हा पडली. या वेळी पलंगाशेजारी. मी आधी काहीच उचललं नाही. कुठे दुखतंय ते विचारलं, पाय हलवून बघायला सांगितलं, तिला श्वास घेऊ दिला. बायकोने खुर्ची आणून समोर ठेवली. आईला हळूहळू कुशीवर, मग गुडघ्यांवर आणलं, तिचे हात खुर्चीवर टेकवले. मी तिच्या पाठीशी अंगाला अंग लावून बसलो, दोन्ही हात तिच्या बरगड्यांभोवती घेतले, पोट टणक केलं आणि ढील काढली. तिचं वजन मला हाताला कळलं. पंचेचाळीससुद्धा नसेल. "आता," मी म्हणालो, आणि आम्ही दोघं एकदमच उठलो. ती पलंगावर बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "या खेपेला तुला लागलं नाही ना?" पुढच्या वर्षी ती गेली, अंथरुणातच, झोपेत.

सध्या मी शंभर किलोवर आहे. रोज नाही, आठवड्यातून एकदा, आणि ज्या दिवशी झोप नीट झालेली नसेल त्या दिवशी ऐंशीवर. बायको पन्नासला आली आहे. मागच्या मंगळवारी दार वाजलं. पोऱ्या टाकी ठेवून गेला. मी पेपर खाली ठेवून उठेपर्यंत ती दारात पोचली होती. चपला बाजूला सारल्या, टाकीला चिकटून उभी राहिली, पावलं बघून घेतली.

"अगं, राहू दे," मी सवयीने म्हणालो.

टाकी उंबरठ्यावरून आत गेली. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, ती रिकामी तेवढी बाहेर नेऊन ठेवा. आणि जवळ उभे राहा."